बंद डब्याची पारख

मासळीची पारख आमच्या वसईत कोणी धडा देऊन शिकवीत नाही. आईचा पदर धरून बाजारात गेलेले मूल ती पाहून पाहून शिकते. कल्ला उघडून तो लाल आहे की काळवंडला आहे हे पाहायचे. डोळा पाणीदार आहे की खोल गेला आहे हे न्याहाळायचे. बोटाने दाबलेले अंग पुन्हा भरून येते की खळगा तसाच राहतो याची खात्री करायची, आणि मग भावाची घासाघीस. कोळीण लेकराबाळांची शपथ घेऊन मासळी आजचीच असल्याचे सांगत असते; तथापि डोळा, नाक आणि बोट या तीन साक्षीदारांपुढे तिच्या शपथेची मातब्बरी नसते. सुक्या मासळीचा न्यायही तोच. पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करताना बोंबील मोडून पाहायचा, सुकट मुठीत घेऊन हुंगायची आणि ओल राहिलेला माल बाजूला सारायचा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही विद्या आहे, आणि तिच्या भरवशावर आमची घरे निर्धास्त जेवत आली आहेत.

डब्यातील मासळीपुढे मात्र हे तिन्ही साक्षीदार मुके होतात. पत्र्याला कल्ला नाही, डोळा नाही, वासही नाही. वर एक रंगीत कागद, त्यावर निळ्याशार समुद्राचे चित्र आणि खाली मुंगीएवढी अक्षरे. आत काय आहे हे डबा फोडल्यावाचून कळत नाही, आणि फोडल्यावर तो परत करता येत नाही. म्हणजे जी शपथ आपण कोळणीची मानीत नव्हतो, ती येथे हजारो कोसांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसाची मानावी लागते.

हे डबे आमच्या घरांत प्रथम आले ते आखाती देशांतून. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, कुवेत, बहारीन, दुबई येथे कामांना तोटा उरला नाही, आणि आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण तिकडे गेले. सुटीवर येताना त्यांच्या बॅगांत दुधाची पावडर, साबण आणि अत्तराच्या बाटल्यांच्या जोडीला ट्यूना, लंचन मीट आणि कॉर्न्ड बीफ यांचे डबे असत. त्या काळी ते डबे खाण्यापेक्षा कपाटाच्या काचेआड मांडून ठेवण्याकडेच घरांचा कल असे. एप्रिल २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले आणि परदेशी डबे हळूहळू आपल्याकडील मोठ्या दुकानांतही दिसू लागले. आज वसई रोडच्या बाजारात ट्यूनाचा डबा ही नवलाची वस्तू राहिलेली नाही. नवल गेले, पारख मात्र अद्याप आलेली नाही.

आमच्या नात्यातील एका मावशीने ती पारख स्वतःपुरती कमावली आहे, आणि आम्ही दोघे ती तिच्याकडूनच शिकलो. मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आता वय ऐंशीच्या पुढे, यजमान देवाघरी गेलेले, एकुलता मुलगा कुवेतला. गुडघ्यांमुळे बाजार सुटला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या की ताजी मासळी दारावरही येत नाही. आई एकटी काय खात असेल या काळजीने मुलगा दर सुटीला बॅग भरभरून डबे आणतो. पाच वर्षांपूर्वी मावशीचे हृदय थकल्याचे निदान झाले, पायांवर सूज येऊ लागली, आणि डॉक्टरांनी मिठावर कडक बंधन घातले. मुलाच्या डब्यांनी भरलेले कपाट एकीकडे आणि डॉक्टरांची चिठ्ठी दुसरीकडे, असा पेच पडला. दुसरी एखादी बाई रडली असती किंवा मुलापासून लपवून डबे वाटून मोकळी झाली असती. मावशीने शाळेत वापरायचे ते भिंग काढले, एक वही घेतली, आणि एकेक डबा हातात घेऊन त्यावरची अक्षरे वाचावयास बसली. त्या वहीत जे उतरले त्याचा विस्तार म्हणजे पुढील मजकूर होय.

प्रथम डब्याचे अंग. पॅरिसमधील निकोला आपेर या मिठाई करणाऱ्या माणसाने अन्न काचेच्या बाटलीत बंद करून उकळत्या पाण्यात ठेवले तर ते महिनोन्‌महिने टिकते हे सिद्ध केले. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला त्याबद्दल १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने कल्हई केलेल्या पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते हे आपेरलाही ठाऊक नव्हते. ते कळावयास लुई पाश्चर यावे लागले. अन्न टिकते ते दोन गोष्टींमुळे. आतील जंतू उष्णतेने मरतात, आणि बाहेरचे जंतू पत्र्याच्या जोडामुळे आत शिरू शकत नाहीत. मासळी आणि मांस यांत आंबटपणा नसल्याने बोटुलिझमचा जंतू हवा नसलेल्या डब्यात वाढू शकतो. त्याच्या बीजाणूंचा नाश करण्यासाठी डबा दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो. पत्र्याच्या जोडाला दुहेरी दुमड असते, आणि डब्याचा सारा भरवसा त्या दुमडीवर उभा असतो.

हा भरवसा ढळला म्हणजे काय होते ते १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहराने पाहिले. अर्जेंटिनात भरलेला कॉर्न्ड बीफचा एक मोठा डबा तेथील दुकानात उघडला गेला आणि पाचशेच्या आसपास माणसे विषमज्वराने आजारी पडली. कारखान्यात डबे तापवून झाल्यावर थंड करण्यासाठी नदीचे पाणी वापरले जात होते आणि त्यात क्लोरीन घातलेले नव्हते. डबा थंड होताना आत पोकळी निर्माण होते, आणि जोडात केसाएवढी फट असली तरी बाहेरचे पाणी आत ओढले जाते. मांस उत्तम होते, शिजलेही नीट होते; दगा दिला तो जोडाने. दुकानातील कापण्याच्या यंत्रावरून तोच संसर्ग इतर मांसालाही लागला.

म्हणून मावशीच्या वहीतील पहिले वाक्य असे आहे: आधी डब्याच्या कडेवरून बोट फिरवावे. पोटावरचा उथळ पोचा फारसा घातक नसतो. कडेवरचा, जोडावरचा पोचा असेल तर डबा परत ठेवावा. गंज पुसून जात नसेल, डबा चिकट लागत असेल, झाकण किंवा तळ फुगलेला असेल, दाबल्यावर टक्‌ असा आवाज करून आत-बाहेर होत असेल, तर तो कोणत्याही भावात घेऊ नये. फुगलेल्या डब्यातील पदार्थ चाखून पाहण्याचा मोह तर कदापि धरू नये, कारण बोटुलिझमच्या विषाला वास असतोच असे नाही. कोळणीच्या टोपलीपुढचे बोट येथे पुन्हा कामाला येते, एवढाच काय तो दिलासा.

त्यानंतर अक्षरे. ट्यूना हे एका माशाचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे. आपल्या किनाऱ्यावर कुपा किंवा गेदर म्हणून जो मिळतो तो याच कुळातला. डब्यांत बहुधा स्किपजॅक, यलोफिन आणि अल्बाकोर या जाती येतात. डब्यावर जात लिहिलेली असेल तर तो विक्रेता काही सांगू इच्छितो असे समजावे. नुसतेच ट्यूना लिहिले असेल तर प्रश्न विचारण्यास जागा आहे. अमेरिकेत ‘व्हाइट’ हा शब्द केवळ अल्बाकोरसाठी वापरता येतो; ‘लाइट’ म्हणजे मुख्यतः स्किपजॅक. अल्बाकोरचे मांस पांढरे, घट्ट आणि महाग. स्किपजॅकचे थोडे गुलाबीसर, चवीला ठसठशीत आणि स्वस्त.

येथे महाग तेच चांगले हा आपला नेहमीचा आडाखा चुकतो. मोठा मासा लहान माशाला खातो आणि समुद्रातील पारा पायरीपायरीने मोठ्या माशाच्या अंगात साठत जातो. पाऱ्याने गर्भातील बाळांची काय दशा होते हे जपानमधील मिनामाटा या गावाने १९५६ नंतर जगाला दाखवून दिले. तेथील पारा कारखान्याच्या सांडपाण्यातला होता आणि त्याचे प्रमाण भयंकर होते; डब्यातील माशाशी त्याची बरोबरी करू नये. परंतु गर्भातील मेंदू पाऱ्याला किती हळवा असतो हे ज्ञान आपणास तेथून मिळाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत डब्यातील अल्बाकोरमध्ये लाइट ट्यूनाच्या सुमारे तिप्पट पारा आढळला आहे. म्हणून गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी लाइट ट्यूना आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि अल्बाकोर एकदाच खावा, असा त्या प्रशासनाचा सल्ला आहे. एक वेळ म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम.

मावशीची सून कुवेतच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. दिवस गेल्यावर ड्यूटीच्या गडबडीत तिचा दुपारचा घास म्हणजे रोज ट्यूनाचे सँडविच, आणि तोही प्रेमाने नवऱ्याने आणलेला उंची अल्बाकोर. मावशीने फोनवर तिला एवढेच सांगितले: “बाळे, महागातला राहू दे. साधा घे, आणि तोही रोज नको. मधून मधून सार्डिन खा.” सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. तो लहान, अल्पायुषी, म्हणून त्यात पारा कमी. डब्यात त्याचे काटे मऊ होतात आणि ते खाल्ले की हाडांना कॅल्शियमही मिळते. गरिबाचा मासा म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो, तो बंद डब्यांच्या रांगेत मानाने उभा राहतो.

मग डब्यातील तुकड्यांचा आकार. डबाबंद ट्यूनाविषयी जो आंतरराष्ट्रीय कोडेक्स दंडक आहे त्यात सॉलिड, चंक, फ्लेक आणि किसलेला असे प्रकार सांगितले आहेत. सॉलिड म्हणजे आडवे कापलेले अखंड मांस. चंक म्हणजे तुकडे, ज्यांतील बहुतेक १.२ सेंटिमीटरपेक्षा लहान नसावेत. फ्लेक म्हणजे त्याहून बारीक चुरा. सॅलडवर मांडावयाचा असेल तर सॉलिड घ्यावा. कटलेट किंवा पॅटिस करावयाचे असतील तर चुरा काय वाईट? शेवटी तो हाताने कुस्करायचाच आहे. फक्त चुऱ्याच्या डब्याला अखंड मांसाचा भाव मोजू नये. डबा उघडल्यावर मांस घट्ट, एकसारख्या रंगाचे आणि स्वच्छ वासाचे असावे. मधमाशीच्या पोळ्यासारखी भोके पडलेले मांस हे मासा बर्फाविना ताटकळत राहिल्याचे चिन्ह होय. अशा माशात हिस्टामीन तयार होते. ते उष्णतेने नष्ट होत नाही, म्हणून कारखान्यात कितीही शिजविले तरी उपयोग नाही. खाल्ल्यावर जिभेला तिखटासारखी चुणचुण, चेहऱ्याला लाली आणि डोकेदुखी ही त्याची लक्षणे. कोडेक्सच्या मते शंभर ग्रॅममागे १० मिलिग्रॅमहून अधिक हिस्टामीन म्हणजे मासा बिघडलेला होता.

पाण्यातला घ्यावा की तेलातला? तेलातला चवीला सरस. परंतु ज्यासाठी हृदयरोग्यास मासे खा म्हणतात ती ओमेगा-३ चरबी तेलात मिसळते, आणि ते तेल आपण ओतून दिले की तिचा काही भाग त्याबरोबर जातो. पाण्यात ती विरघळत नाही. तेलातलाच घ्यावयाचा तर कोणते तेल हे वाचावे. पुढे मोठ्या अक्षरांत ऑलिव्ह आणि मागे घटकांच्या यादीत सोयाबीन, असा खेळ आम्ही एका डब्यावर पाहिला आहे. घटकांची यादी नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. म्हणून जे आधी ते जास्त, एवढे ध्यानात ठेवले की यादी बोलू लागते.

वजनाचे दोन आकडे असतात आणि बहुतेकांची नजर पहिल्यावरच थांबते. निव्वळ वजनात पाणी किंवा तेलही आले; निथळल्यावरचे वजन म्हणजे खरा मासा. समजा दोन डब्यांवर निव्वळ वजन १८५ ग्रॅमच आहे. एक २४० रुपयांना असून त्यात निथळलेला मासा १३० ग्रॅम आहे. दुसरा २०० रुपयांना असून त्यात मासा १०० ग्रॅम आहे. स्वस्त वाटणारा दुसरा डबा ग्रॅमला २ रुपये पडतो, पहिला १ रुपया ८५ पैसे. हा त्रैराशिकाचा हिशेब मावशी चौथीच्या मुलांना शिकवीत असे.

आणि मीठ. डब्यावर बहुधा सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. लंचन मीटच्या ज्या डब्यावर शंभर ग्रॅममागे १,००० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, त्याच्या शंभर ग्रॅमांत अडीच ग्रॅम मीठ आले. म्हणजे निम्म्या दिवसाचे मीठ एका बशीत संपले. पुढे पाव, लोणचे, सुके बोंबील आहेतच. खाऱ्या पाण्यातील ट्यूना चाळणीत घेऊन धुतला तर मीठ बरेच उतरते. लंचन मीटचे मीठ मांसात मुरलेले असते, ते धुऊन जात नाही. मावशीने कपाटातील डबे या एका आकड्यावरून दोन रांगांत लावले. एक रांग लहान होती.

मांसाच्या डब्यांविषयी चार शब्द वेगळे सांगावयास हवेत. कॉर्न्ड बीफचा एका टोकाला निमुळता होणारा डबा शिकागोत १८७५ च्या सुमारास निघाला, तो मांसाची वडी अखंड बाहेर यावी म्हणून. त्याच शिकागोतील कत्तलखान्यांचे वर्णन अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीत आले. त्यातून उठलेल्या संतापाने १९०६ मध्ये अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला. मांसाच्या बंद डब्यावर विश्वास ठेवता येतो तो अशा तपासनिसांमुळे, कंपनीच्या चित्रांमुळे नव्हे.

कॉर्न्ड बीफ आता आपल्या विचाराबाहेरच ठेवावे. गोमांसाची आयात भारतात निषिद्ध आहे. पूर्वी येत असत म्हणून कोणी ते डबे बॅगेत घालू नयेत. राहिले चिकन किंवा डुकराचे लंचन मीट, सॉसेज आणि हॅम. त्यांच्या यादीत पहिला शब्द मांसाचा आहे की पाण्याचा, हे पाहावे. यंत्राने हाडांवरून खरवडून काढलेले मांस, स्टार्च, सोयाचे प्रथिन हे शब्द जितके वर तितका डबा हलका. सोडियम नायट्राइट म्हणजे क्रमांक २५०. तो मांसाचा गुलाबी रंग टिकवितो आणि बोटुलिझमच्या जंतूस रोखतो, म्हणून त्याचे काम खोटे नाही. परंतु ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक म्हणून नोंदविले. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिचे अनुमान आहे. सणावारी एक चकती खाल्ल्याने आकाश कोसळत नाही. मुलांच्या डब्यात रोज मात्र ती जाऊ नये.

आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या आयात डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि मांसाहाराचे चिन्ह असावे लागते. पूर्वी ते चिन्ह तपकिरी वर्तुळाचे होते, आता चौकटीतला तपकिरी त्रिकोण आहे. ही चिकटपट्टी नसेल तर तो डबा कोणत्या वाटेने आला, त्याने किती उन्हाळे गोदामात काढले, हे विचारण्यास कोणी सापडणार नाही. आणि एकदा डबा उघडला की उरलेले पत्र्यात ठेवू नये. काचेच्या भांड्यात काढून शीतकपाटात ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.

हे सर्व देहाच्या काळजीचे झाले. वाचक म्हणतील, धर्मग्रामाच्या त्रैमासिकात एवढा मीठ-मिरचीचा हिशेब कशाला? त्याचे कारण असे की, प्रायश्चित्तकाळात या डब्याला आपल्याकडे विशेष मान मिळतो. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला चौदा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना मांस वर्ज्य, मासळी चालते. म्हणून ट्यूना नियमात अचूक बसतो. परंतु नियमात बसणे आणि त्याग होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे उंची ऑलिव्ह तेलातील डबा फोडताना आपल्या मनाला आतून ठाऊक असते.

त्याहून मोठा प्रश्न डब्यामागच्या माणसांचा आहे. पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवले होते. दमलेल्या कोळ्याला प्रथम जेवू घालणारा असा आपला प्रभू. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनी इंडोनेशियातील बेंजिना बेटावर मच्छीमार बोटींवरचे मजूर गुलामासारखे राबविले जात असल्याचे, काहींना पिंजऱ्यात कोंडल्याचे उघड केले. त्यानंतर २,००० हून अधिक माणसे मुक्त झाली. त्यांनी पकडलेली मासळी थायलंडमार्गे जगाच्या बाजारात जात होती, आणि डबाबंद ट्यूनाच्या निर्यातीत थायलंड जगात पहिला आहे. प्रत्येक डब्यात हे पाप आहे असे नव्हे. परंतु अति स्वस्त डब्याची किंमत कोणीतरी कोठेतरी भरीत असतो. १९२० मध्ये ग्लासगो येथे सुरू झालेली, आज ‘स्टेला मारिस’ या नावाने चालणारी आपल्या ख्रिस्तसभेची सेवा अशा दर्यावर्दी माणसांसाठीच बंदरोबंदरी उभी आहे.

चांगला मार्गही आहे, आणि तो आपल्या शेजारीच आहे. लक्षद्वीपचे कोळी जिवंत आमिष टाकून, पाण्याचे फवारे उडवीत, काठी आणि गळाने एकेक स्किपजॅक होडीत ओढतात. मिनिकॉय बेटावर १९६९ पासून ट्यूना डबाबंद करण्याचा कारखाना उभा राहिला. मालदीवची रीतही तीच. तेथील काठी-गळाच्या स्किपजॅकला २०१२ मध्ये शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले. या रीतीत डॉल्फिन, कासवे जाळ्यात सापडत नाहीत. डब्यावर काठी आणि गळ असा उल्लेख आढळला तर दोन पैसे जास्त द्यावेत. ते दान नव्हे, वाजवी किंमत आहे.

मावशीच्या मुलाला हे सारे कसे सांगावे, हा प्रश्न मात्र भिंगाने सुटणारा नव्हता. आईसाठी वीस-वीस डबे वाहून आणणाऱ्या मुलाला ‘हे विष आहे’ असे कोणती आई सांगेल? आणि न सांगावे तर तो आणतच राहणार, पायांची सूज वाढतच राहणार, आणि एक दिवस खरे कारण कळल्यावर ते ओझे त्याने जन्मभर वाहावे. कित्येक घरांत हे असेच चालते. परदेशातून प्रेम वस्तूच्या रूपाने येते, आणि वस्तू नाकारली तर प्रेमच नाकारल्यासारखे वाटते. म्हणून म्हातारी माणसे गप्प बसतात, मिठाई मधुमेहात खातात आणि खारे मांस रक्तदाबात.

मावशीने गप्प बसणे पत्करले नाही. तिने मुलाला पत्र लिहिले. फोनवर रडू येईल म्हणून पत्र. डॉक्टरांनी काय सांगितले ते तिने काही न लपविता कळविले, आणि पुढे शाळेच्या फळ्यावर लिहावी तशी क्रमवार यादी दिली: पाण्यातला स्किपजॅक, मीठ न घातलेला असल्यास उत्तम, सार्डिन दोन डबे, लंचन मीट नको, प्रत्येक डब्याची कड बोटाने तपासून घे, निथळलेले वजन वाच. शेवटी तिने लिहिले की, एवढे सारे वाचावयास दुकानात तुला अर्धा तास लागेल, आणि तो अर्धा तास तू माझ्यासाठी उभा होतास हे मला प्रत्येक घासाला कळेल.

गेल्या नाताळात तो आला तेव्हा बॅगेत सहाच डबे होते. यादीप्रमाणे निवडलेले, कडा तपासलेले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतः पाचूबंदरला गेला आणि आईसाठी मासळी घेऊन आला. कल्ला पाहायला तो विसरला होता की काय, म्हणून मावशीने टोपलीवरचे फडके बाजूला केले, एक मासा उचलला, आणि पाहून समाधानाने परत ठेवला. डबे तिने पावसाळ्यासाठी कपाटात लावले. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: सहा डबे, तारीख, वजन, सोडियम. आणि समोर, शेऱ्याच्या रकान्यात, पास होणाऱ्या मुलाला ती द्यायची तीच लाल शाईची खूण.